एआयने केलेला दातांचा प्लॅन मान्य करावा का?

अंबाजोगाईच्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगते. त्यांची मुलगी १२ वर्षांची, सातवीत. वरचे पटाशीचे दात बरेच पुढे, खालचा जबडा मागे. सुट्टीत मोठ्या शहरात नातेवाइकांकडे गेल्यावर तिथल्या एका दवाखान्यात तोंडाचं स्कॅन केलं. दोन मिनिटांत पडद्यावर लेकीचा सरळ दातांचा हसरा फोटो आला. 'हा प्लॅन एआयने केलाय, दातांवर प्लॅस्टिकचे पारदर्शक ट्रे घालायचे, १४ महिन्यांत असं दिसेल, खर्च १ लाख ६० हजार,' असं त्यांना सांगण्यात आलं. परत आल्यावर जवळच्या डॉक्टरांना दाखवलं, तर ते म्हणाले, आधी वर्षभर काढता-घालता येणारी क्लिप, मग तारा. खर्च निम्म्याहून कमी. ताई विचारतात, मशीन माणसापेक्षा अचूक असतं म्हणतात, मग पैसे वाचवायच्या नादात आपण लेकराचं नुकसान तर करत नाही ना?

ताई, नुकसान होत नाहीये. खालचा जबडा मागे असलेल्या वाढत्या मुलीत दातांच्या आधी जबड्याचा विचार करायचा असतो, आणि तुमच्या जवळच्या डॉक्टरांनी तोच केलाय. पण म्हणून एआय म्हणजे नुसती जाहिरात, असंही समजू नका. मी लातूरला २२ वर्षं दात सरळ करण्याचंच काम करते आणि गेली काही वर्षं असं सॉफ्टवेअर माझ्याही दवाखान्यात रोज चालतं. त्याला काय चांगलं जमतं आणि काय दिसतच नाही, हे एकदा नीट कळलं की निर्णय तुम्हालाच घेता येईल. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मोजण्यापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात मोठा बदल तिथे झालाय. १९३१ साली अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत हॉफराथ यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, डोकं ठरावीक स्थितीत धरून बाजूने एक्स-रे काढायची पद्धत मांडली. त्या एक्स-रेला आम्ही सेफ म्हणतो. कवटीचा तळ, वरचा जबडा, खालचा जबडा, पटाशीचे दात आणि ओठ कुठे कसे बसलेत, हे त्यावर मोजता येतं. मी शिकत होते तेव्हा दिव्याच्या पेटीवर फिल्म ठेवायची, तिच्यावर अर्धपारदर्शक कागद चिकटवायचा, टोकदार पेन्सिलीने हाडांच्या कडा गिरवायच्या, बिंदू ठेवायचे आणि पट्टी-कोनमापक घेऊन कोन काढायचे. एका सेफला पाऊण तास सहज जायचा. रात्री दमलेल्या डोळ्यांनी ठेवलेला बिंदू सकाळी पुन्हा ठेवून बघितला, तर मिलिमीटरभर दुसरीकडेच पडायचा.

आता तोच एक्स-रे संगणकात टाकला की काही सेकंदांत सगळे बिंदू लागतात. तज्ज्ञांनी हाताने बिंदू लावलेले भरपूर एक्स-रे दाखवून सॉफ्टवेअरला हे शिकवलेलं असतं. २०१५ साली संशोधकांची यावर एक खुली स्पर्धा झाली होती. एकूण ४०० सेफ, प्रत्येकावर १९ बिंदू, आणि तज्ज्ञांनी ठरवलेल्या जागेपासून २ मिलिमीटरच्या आत पडला तरच बिंदू बरोबर, असा हिशेब. तेव्हा सगळ्यात चांगल्या पद्धतीचेही चारातले साधारण तीनच बिंदू त्या मर्यादेत बसले. पुढे डीप लर्निंग (उदाहरणांवरून संगणकाने स्वतःच खुणा शिकायची पद्धत) आलं आणि हे प्रमाण वाढत गेलं. आज बऱ्याच बिंदूंच्या बाबतीत सॉफ्टवेअर आणि अनुभवी डॉक्टर यांच्यात जेवढा फरक पडतो, तेवढा दोन अनुभवी डॉक्टरांमध्येही पडतोच. माझ्याकडे पाऊण तासाचं काम पाच मिनिटांवर आलंय.

सेकंदांचं काम असताना ही पाच मिनिटं कशाला, तर लागलेले बिंदू एकेक करून तपासायला. सॉफ्टवेअर कुठे चुकतं हे सवयीने कळतं. कानाच्या छिद्राच्या वरच्या कडेचा पोरियन नावाचा बिंदू अनेकदा भलतीकडे जातो, कारण डोकं स्थिर ठेवायला कानात घातलेल्या दांडीची सावली आणि कानाचं खरं छिद्र शेजारीशेजारी दिसतात. खालच्या जबड्याच्या कोपऱ्यावर डाव्या-उजव्या बाजूच्या दोन कडा एकमेकींवर येतात, तिथे कुठली धरायची याचा गोंधळ होतो. खालच्या पटाशीच्या दाताच्या मुळाचं टोक तर माणसालाही धड दिसत नाही. दुधाचे आणि कायमचे दात एकत्र असलेलं लेकरू, किंवा टाळू दुभंगलेलं लेकरू असेल, तर मी एकही बिंदू न तपासता पुढे जात नाही.

आणखी एक गोष्ट आमच्याकडे सर्रास होते. तालुक्याच्या गावी काढलेल्या फिल्मचा कुणी मोबाइलवर तिरपा फोटो काढतं आणि तोच व्हॉट्सअ‍ॅपने पुढे पाठवतं. त्यावर सॉफ्टवेअर नेहमीच्याच तत्परतेने अहवाल देतं. तिरप्या फोटोत कोन बदलतात, आणि एक्स-रेवर मापपट्टी आली नसेल तर मिलिमीटरचे आकडेही भरवशाचे राहत नाहीत. अहवालाचा कागद मात्र तितकाच स्वच्छ, रंगीत, दशांश चिन्हासकट छापून येतो. म्हणून तुमच्या हातात असा कागद असेल तर मूळ एक्स-रेही मागून घ्या. ते तुमच्याच मुलीचे कागद आहेत.

त्या कागदावर लाल रंगात आलेल्या आकड्यांनी घाबरू नका, हेही सांगून ठेवते. वरच्या जबड्याचा कोन ८२ अंश, खालच्याचा ८०, दोघांत फरक २, ही आमच्या शास्त्रातली सगळ्यात प्रसिद्ध मापं स्टायनर यांनी १९५३ साली अमेरिकेत मांडली. ती तिथल्या गोऱ्या चेहऱ्यांवरून आली आहेत. आपल्याकडे ओठ आणि पुढचे दात स्वभावतःच थोडे पुढे असतात, आणि तो चेहरा आपल्याला सुंदरच वाटतो. सॉफ्टवेअरमध्ये कुठल्या लोकांची सरासरी भरली आहे, यावर आकडा लाल होणार की काळा राहणार, हे ठरतं. लाल आकडा बघून 'माझ्या तोंडात एवढे दोष आहेत' म्हणून रडलेल्या कॉलेजच्या मुली माझ्या खुर्चीत बसून गेल्या आहेत. त्यांच्यातल्या काहींना उपचाराची गरजच नव्हती.

आता तुमच्या लेकीकडे येते.

तुम्ही लिहिलंय त्यावरून वरचे दात पुढे दिसण्यात खालच्या जबड्याच्या मागे असण्याचा मोठा वाटा असावा. अशा वेळी दोन वेगळे मार्ग असतात. एक, वरचे दात मागे घ्यायचे आणि जबडा आहे तिथेच राहू द्यायचा. दुसरा, मुलीची वाढ चालू आहे तोवर तिचा उपयोग करून खालचा जबडा पुढच्या स्थितीत आणायचा, आणि मग दात ओळीत लावायचे. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेली क्लिप बहुधा ट्विन ब्लॉक असणार. स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी ती १९७७ साली पहिल्यांदा वापरली, एका सहकाऱ्याच्या मुलासाठी. तो मुलगा पडला होता आणि त्याचा वरचा पटाशीचा दात निखळला होता. वर एक, खाली एक अशा दोन पट्ट्या असतात. त्यांच्या उतरत्या कडा एकमेकींवर अशा टेकतात, की तोंड मिटलं की खालचा जबडा आपोआप पुढे येतो. जेवतानाही ती तोंडात ठेवता येते.

या क्लिपने जबडा खरोखर किती वाढतो आणि दातच किती सरकतात, यावर आमच्यात अनेक वर्षं वाद आहे. माझ्या मते दातांचा वाटा मोठा, हाडाचा लहान, पण चेहऱ्यावर दिसण्याइतका. शिवाय पुढे आलेले पटाशीचे दात खेळताना, सायकलवरून पडताना मोडायचं प्रमाण जास्त असतं आणि ते लवकर मागे घेतले तर हा धोका कमी होतो, हे चांगल्या अभ्यासांत दिसलंय. वाढ संपल्यावर या मार्गाचं दार बंद होतं. मग दोन दाढा काढून दात मागे घेणं किंवा जबड्याची शस्त्रक्रिया, एवढंच हातात राहतं.

वाढ कुठवर आली आहे, हे म्हणूनच सगळ्यात आधी ठरवावं लागतं. सेफमध्ये मानेचे मणकेही दिसतात. त्यांच्या आकारावरून वाढीच्या सहा पायऱ्या ओळखतात, आणि हे काम आता सॉफ्टवेअरही करतं. पण मधल्या, म्हणजे नेमक्या महत्त्वाच्या, पायऱ्यांवर तज्ज्ञांचंच आपसात एकमत कमी होतं. ज्यांच्याकडून सॉफ्टवेअर शिकलं त्यांचीच जिथे खात्री नाही, तिथे त्याच्या उत्तराला मी एक मत एवढीच किंमत देते. माझ्याकडे मुलगी आली की मी तिच्या आईला बाजूला घेऊन विचारते, पाळी सुरू झाली का? झाली असेल तर कधी? मुलींमध्ये उंची सगळ्यात वेगाने वाढण्याचा काळ पाळी सुरू होण्याच्या आधी येऊन जातो. पाळी अजून आली नसेल, किंवा नुकतीच आली असेल, तर वेळ हातात आहे, पण रेंगाळायला नको. दोन वर्षं होऊन गेली असतील तर हिशेब बदलतो. त्या शहरातल्या दवाखान्यात तुम्हाला हा प्रश्न कुणी विचारला होता का, आठवून बघा. गेल्या वर्षीचा फ्रॉक यंदा किती आखूड झाला, मुलगी रात्री तोंड उघडं टाकून झोपते का, घोरते का, लहानपणी अंगठा किती वर्षं चोखत होती, हे सगळं आई सांगते. तोंडाचं स्कॅन यातलं काहीच सांगत नाही.

पारदर्शक ट्रेवर माझा राग नाही. खालचा जबडा पुढे आणणारे पंख असलेले ट्रेसुद्धा आता मिळतात. तुम्हाला दाखवलेल्या प्लॅनमध्ये तसं काही होतं का, एवढंच विचारा. नुसते वरचे दात आत ओढलेले असतील, तर तो फोटो कितीही गोड दिसो, तुमच्या मुलीच्या मूळ अडचणीला त्याने हात लावलेला नाही.

त्या फोटोबद्दलही बोलते. हसऱ्या माणसांचे असंख्य फोटो पाहून सॉफ्टवेअर 'सरळ दातांचं हसू कसं दिसतं' ते शिकलेलं असतं आणि तसं चित्र तुमच्या मुलीच्या ओठांमध्ये रंगवून देतं. त्या चित्राला मुळं नसतात, हाड नसतं, हिरडी नसते. लेकराला ते चित्र आवडलं असेल तर आवडू द्या, पण उपचार संपल्यावर तेच दिसेल, असं वचन तिला देऊ नका.

दात सरकतो तो हाडातून. बळ लावलं की मुळाच्या ज्या बाजूवर दाब येतो तिथलं हाड पेशी विरघळवतात आणि मागच्या बाजूला नवं हाड भरतात. महिन्याला साधारण १ मिलिमीटर, एवढीच ती चाल. संगणक हजारपट वेगवान झाला तरी हाडाच्या पेशी त्यांच्याच गतीने काम करणार. प्रत्येक ट्रे दाताला जेमतेम पाव मिलिमीटर हलवायला केलेला असतो आणि तो दिवसाचे २० ते २२ तास घातला तरच हलवतो. सातवीतलं लेकरू, शाळा, डबा, शिकवणी, मैत्रिणींचे वाढदिवस, यात २२ तास कसे जमतील, हे तुम्ही ठरवायचं आहे.

पडद्यावर दाखवलेली हालचाल तोंडात किती उतरते, याचे अभ्यास झालेत. २००९ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात, जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध ट्रेच्या बाबतीत, ठरवलेल्या हालचालीपैकी सरासरी ४१ टक्केच प्रत्यक्षात झाली असं दिसलं. २०२० साली पुन्हा पाहिलं तेव्हा सरासरी ५० टक्के. अकरा वर्षांत सुधारणा झाली, पण निम्मं अंतर बाकी आहे. म्हणून मधेच पुन्हा स्कॅन, पुन्हा नवे ट्रे, हा प्रकार होतो. १४ महिन्यांचा आकडा ऐकताना हे लक्षात ठेवा, आणि पुन्हा ट्रे करावे लागले तर त्याचे पैसे आताच्या रकमेत धरलेत का, हे लिहून घ्या.

माझ्या हातून झालेली एक चूक इथे सांगणं मला कर्तव्य वाटतं. काही वर्षांपूर्वी २३ वर्षांचा एक मुलगा आला. खालचे पुढचे दात दाटीवाटीने एकमेकांवर चढलेले. दात काढायला तो तयार नव्हता. स्कॅन पाठवलं, प्लॅन आला. सॉफ्टवेअरने जबड्याची कमान थोडी रुंद करून आणि खालचे दात थोडे पुढे कलवून सगळ्यांना जागा करून दिली होती. पडद्यावर रांग इतकी देखणी दिसत होती की मी दोन किरकोळ बदल सुचवले आणि मंजुरी दिली. आठव्या महिन्यात एका खालच्या दाताची हिरडी २ मिलिमीटर खाली सरकलेली दिसली. त्याचं तिथलं हाड मुळातच पातळ होतं. दात हाडाच्या बाहेरच्या कडेपर्यंत गेला होता. स्कॅनमध्ये दातांचा वरचा भाग आणि हिरडीचा पृष्ठभाग येतो, हाड येत नाही. पडद्यावर दिसलेली मुळं सॉफ्टवेअरने सरासरी आकारावरून काढलेली होती. मी बोट लावून हाड चाचपलं असतं, हिरडीची जाडी पाहिली असती, तर मला आधीच कळलं असतं. उपचार थांबवला, दात मागे आणला, हिरडीच्या तज्ज्ञांकडे पाठवून हिरडी लावून घेतली. तो मुलगा समंजस होता, पण ती हिरडी पहिल्यासारखी झाली नाही. प्लॅन मंजूर करणारी सही माझी होती. त्यानंतर बोटाने हाड चाचपल्याशिवाय मी एकही प्लॅन मंजूर केलेला नाही, आणि शंका आली तर त्या भागाचा सीबीसीटी, म्हणजे हाड सगळ्या बाजूंनी दाखवणारा त्रिमितीय एक्स-रे, काढून घेते.

दाढ काढायची की नाही, हा आमच्या कामातला सगळ्यात वादाचा निर्णय. तोही सॉफ्टवेअर आता सांगतं. २०१६ साली कोरियातल्या संशोधकांनी १५६ रुग्णांच्या माहितीवर एक यंत्रणा शिकवली आणि दात काढावेत की नाहीत, याचं तिचं उत्तर ९३ टक्के वेळा तज्ज्ञाच्या निर्णयाशी जुळलं. आकडा मोठा आहे. पण तो त्या तज्ज्ञाच्या सवयीशी जुळण्याचा आकडा आहे. तो तज्ज्ञ दात काढण्याकडे झुकणारा असेल तर यंत्रही तसंच झुकणार. नव्या डॉक्टरांना सल्ल्यासाठी अशी यंत्रणा उपयोगी पडेल असं मला मनापासून वाटतं. सर्जन जसा दुसऱ्या सर्जनला विचारतो, तसं. मात्र दाढ निघणार आहे ती तुमच्या मुलीची, तेव्हा कारण डॉक्टरांच्या तोंडून ऐका. 'सिस्टिमने सांगितलं' हे कारण होत नाही.

जिथे मला एआयचा खराखुरा आधार वाटतो ती जागा वेगळीच आहे, आणि ती आपल्या भागासाठी फार मोलाची आहे. लातूरला शिकवण्यांसाठी नांदेड, परभणी, बीड, हिंगोलीकडून हजारो मुलं येऊन राहतात. तारा गावाकडे लावलेल्या, मुक्काम इथे. किंवा उलट, इथे तारा लावल्या आणि नीटची परीक्षा झाल्यावर गावी गेले. ऊसतोडीला जाणाऱ्यांचं तर विचारूच नका. दसरा-दिवाळीनंतर टोळी निघाली की आई-बाप थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परततात, लेकरू आजीकडे असतं. महिन्या-महिन्याला त्याला एसटीने लातूरला कोण आणणार? आजीला तिकीट अर्धं लागतं, तरी दिवस मोडतो तो मोडतोच.

अशा लेकरांसाठी गाल बाजूला धरणारं प्लॅस्टिकचं साधन आणि मोबाइल एवढ्यावर दर आठवड्याला फोटो घेता येतात. ते फोटो पाहून कुठला ब्रॅकेट (तार धरायला दातावर चिकटवलेला छोटा तुकडा) सुटलाय, कुठला ट्रे दातावर नीट बसलेला नाही, कुठे घाण साचलीय, हे सॉफ्टवेअर टिपतं आणि मला कळवतं. फ्रान्समधल्या एका कंपनीने ही पद्धत आधी मोठ्या प्रमाणावर आणली, आता अनेक जण करतात. खरं सांगायचं तर माझ्याकडे पहिली काही वर्षं हेच काम व्हॉट्सअ‍ॅपवर, माझ्या डोळ्यांनीच चालायचं. पण १५० जणांचे फोटो रोज रात्री बघणं माणसाला झेपत नाही. सॉफ्टवेअर त्यातले २० समोर ठेवतं आणि ते मी नीट बघते. हुरड्याच्या दिवसांत तर हे फार कामाला येतं. जानेवारीत शेतावरून आल्यावर सुटलेल्या ब्रॅकेटची रांग लागते, त्यात ऊस आणि पेरूची भर. सुटलेला ब्रॅकेट आठवड्यात कळला तर बरं. तीन महिन्यांनी कळला तर तेवढ्या काळात दात भलतीकडे गेलेला असतो.

फोटोत न दिसणाऱ्या गोष्टी मात्र प्रत्यक्षच बघाव्या लागतात. दात किती हलतोय, हिरडीला हात लावला की रक्त येतं का, मूळ आखूड व्हायला लागलंय का. म्हणून फोटो कितीही छान आले तरी मी ठरावीक अंतराने लेकराला बोलावतेच.

आपल्या मातीचा आणखी एक मुद्दा. नांदेड, बीड, परभणीच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. तिथल्या मुलांच्या दातांवर पांढरे, पिवळे, तपकिरी डाग असतात. अशा दातांवर ब्रॅकेट किंवा ट्रेला पकड मिळावी म्हणून लावायचे उंचवटे नीट चिकटत नाहीत, पृष्ठभाग तयार करायला जास्त मेहनत घ्यावी लागते. फोटो बघणाऱ्या सॉफ्टवेअरने हे डाग कीड म्हणून दाखवल्याचं मी वारंवार पाहिलंय. आपल्या मुलांचे पुरेसे दात त्याला कुणी दाखवलेच नसावेत, असं मला वाटतं. हे आपल्याकडच्या दंत महाविद्यालयांनी मनावर घ्यावं. संभाजीनगरला घाटीच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, लातूर-नांदेडलाही महाविद्यालयं आहेत. तिथे रोज येणाऱ्या रुग्णांचे एक्स-रे आणि फोटो, नावं काढून, संमती घेऊन, नीट जपले तर आपल्या चेहऱ्यांवर आणि आपल्या दातांवर शिकलेलं सॉफ्टवेअर तयार होऊ शकतं. मला या कामाची फार आस आहे.

संमतीचा विषय निघालाच आहे तर, तुमच्या मुलीचा चेहरा आणि स्कॅन त्या दवाखान्याकडे राहिलं आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या व्यक्तीला मूल मानलंय आणि तिची माहिती वापरायला पालकांची संमती लागेल असं म्हटलंय. तो हसरा फोटो जाहिरातीत वापरायला तुम्ही परवानगी दिली आहे का, सही केलेला कागद पुन्हा वाचा.

घरबसल्या ट्रे मागवण्याच्या जाहिराती दिसल्या तर तिकडे वळूच नका. अमेरिकेत २०१४ साली सुरू झालेली स्माइलडायरेक्टक्लब नावाची कंपनी लोकांना थेट घरी ट्रे पाठवायची. डिसेंबर २०२३ मध्ये ती बंद पडली आणि उपचार अर्ध्यावर असलेले लोक कुणाकडे जावं या विवंचनेत सापडले. दात मधल्यामध्ये लटकलेले, आणि खुर्चीत बसवून तपासणारा डॉक्टर नाही. तुमच्या बाबतीत मला शहरातल्या दवाखान्याची तीच काळजी वाटते. ट्रे नीट बसेना, हिरडी दुखली, तर अंबाजोगाईहून तिथे किती वेळा जाणार? प्लॅन सॉफ्टवेअरने केला, कंपनीच्या तंत्रज्ञाने सजवला, पण मंजूर करणारा माणूस कोण, तो एमडीएस ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे दात सरळ करण्याचं पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर, आहे का, आणि उपचारभर तोच भेटणार आहे का, हे फोन करून विचारा. उत्तर सरळ आलं तर चांगलंच आहे.

आणि सॉफ्टवेअरमुळे वाचलेला वेळ तुमच्या डॉक्टरांकडेही असेल, तो मागून घ्या. माझ्याकडे चाळीस मिनिटं वाचतात, ती मी लेकराशी बोलण्यात घालवते. क्लिप घातल्यावर पहिले आठ-दहा दिवस बोलताना लाळ येते, शब्द बोबडे येतात, वर्गात मुलं चिडवतात. हे आधी सांगितलं, तिला चार ओळी मोठ्याने वाचून सराव करायला लावला, तर क्लिप तोंडात राहते. नाहीतर ती दप्तरात राहते.

तेव्हा दिवाळीच्या सुट्टीपर्यंत थांबू नका. जवळच्या डॉक्टरांकडे किंवा तुमचा विश्वास बसेल अशा कुठल्याही ऑर्थोडॉन्टिस्टकडे या महिन्यातच जा. मूळ सेफ आणि ओपीजी (सगळ्या दातांचा एकत्र एक्स-रे) सोबत घ्या, त्या दवाखान्याचा अहवाल असेल तर तोही घ्या, तुलना करायला बरा पडतो. शाळेत दरवर्षी उंची मोजतात, त्या नोंदी बाईंकडून मागून घ्या, गेल्या दोन वर्षांच्या पुरतील. आणि मुलीला एकटीला डॉक्टरांशी पाच मिनिटं बोलू द्या.